अर्धी नदी

सहाला निघायचं म्हणून मी पाचला गाडी पुसतो.
पलासियावरून दोघं, नाशिकचे, लग्नाला महिना झालेले.
स्नेहलतागंजातून इनामदार बाई, काठी आणि थर्मास.
हॉटेलातून आणखी एक बाई, एकट्या,
पाठीवर बॅग, बॅगेतून डोकावणारी हातोडी.
हातोडी बघूनच मी सावध व्हायला हवं होतं.

राऊपर्यंत मी बोलत नाही.
प्रवाशांची झोप भाड्यात धरलेली असते.
महूला बद्रीलालच्या टपरीवर कचोरी, चहा
आणि माझं पहिलं वाक्य:
मंडळी, आज आपण ज्वालामुखीच्या डोक्यावर चढणार आहोत.
घाबरू नका, झोपलेला आहे.
अकरा वर्षं याच खांबाला टेकून म्हणतोय.
लोक हसतात.
हसून एकदा डोंगराच्या दिशेला बघून घेतात.

तेवढ्यात लष्कराच्या रेंजवर धप्प झालं.
नाशिकच्या मुलीने नवऱ्याची बाही धरली.
ते धप्प माझ्या पॅकेजात नाही,
पण मी कधी तसं सांगितलेलं नाही.

मग जानापावचा चढ. पहिला गिअर.
सागाची वाळकी पानं टायरखाली पापडासारखी,
क्लचचा वास, इनामदार बाईंचं रामराम,
आणि खाली हरभरा, गहू, हायवेवरचे ट्रक
कुणी लहान मुलाने मांडून ठेवल्यासारखे.

वर कुंड. हिरवं, न हलणारं पाणी.
मी दोन्ही हात पसरतो: हे त्याचं तोंड.
इथून आग निघाली. आता इथून नद्या निघतात,
चंबळ, गंभीर, चोरल, सगळ्या मिळून साडेसात.

हातोडीवाल्या बाई उकिडव्या बसल्या होत्या.
दगडाची कड जिभेला लावून पाहिली, पुसली, म्हणाल्या,
टेंबे, राग मानू नका. इथे तोंड नव्हतं.
जमीन उसवली लांबच लांब, कोसच्या कोस,
आणि रस येत राहिला.
थांबायचा. वर माती धरायची, झाडं यायची.
पुन्हा यायचा.
स्फोट म्हणावा असं फारसं काही झालं नसेल.

मी म्हणालो, बरं.

कुंदा गेली तेव्हा शेजारी विचारायचे,
भांडण झालं का?
बशीसुद्धा फुटली नव्हती.
तरी मी महिनोन् महिने ते तोंड शोधत होतो,
कुठली तारीख, कुठला शब्द,
कुठल्या लग्नाला जायचं राहिलं.
तिच्या हाताने लिहिलेला दुधाचा हिशेब
मी मागे मागे चाळत गेलो.
सगळीकडे अर्धा लिटर. अर्धा लिटर. अर्धा लिटर.

आणि अर्धी कुठली?
इनामदार बाईंनी काठी आपटून विचारलं.
साडेसातातली अर्धी नदी कुठली हो?

अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मला उत्तर रचता आलं असतं,
गाइडला येतंच.
माहीत नाही, मी म्हणालो.

मग आम्ही पाचही जण देवळामागे शोधायला गेलो,
लपाछपीत राज्य आल्यासारखे.
एका कातळाला ओल होती, तळहाताएवढी.
दोन गांधीलमाश्या तिथे पाणी पीत होत्या.
बाईंनी बोट टेकवलं, कपाळाला लावलं.
असू दे, म्हणाल्या. हिची बाकीची वाटेत असेल.

उतरताना रेंजवर पुन्हा धप्प झालं.
मुलगी झोपली होती.
मी आरसा सरळ केला
आणि म्हणालो, काही नाही, तोफा आहेत.

पुढच्या रविवारी पुण्याचे सहाजण.
बद्रीलालची टपरी, तोच खांब.
मंडळी, मी म्हणालो, आज आपण
आणि थांबलो.
कढईतली कचोरी उलटत बद्रीलालने
वर न बघता उरलेलं म्हणून टाकलं:
घाबरू नका, झोपला हाय.
त्याला मराठीतलं तेवढंच येतं.