मधलं पान जागेवर

पिना घट्ट. कण्याला किंचित सुरकुती.
मधलं पान जागेवर.
मुखपृष्ठावर कॉफीच्या कपाचं अर्धं वर्तुळ,
फोटो तिसरा पाहावा.
तळघराचा वास आहे; नाही असं मी म्हणणार नाही.

असं लिहिते मी, व्हर्ना गोर्स्की, वय एकाहत्तर,
ईरी, पेन्सिल्व्हेनिया,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीला फोन टेकवून.

दिसू नये ते झाकायचं, असा लिलाववाल्यांचा नियम.
बाकीचे काळ्या पट्ट्या लावतात.
मी बटणं ठेवते, आईच्या डब्यातली,
चार भोकांची, हिवाळी कोटाची.
एकाहत्तर सालच्या त्या पोरीला
निदान बटणं तरी मिळाली.

माल येतो बंद होणाऱ्या घरांतून.
मुलगे गॅरेजात उभे राहतात, खोक्याकडे न बघता म्हणतात,
हेही घेऊन जा.
मुली उघडून बघतात, हसतात,
मग हसायच्या थांबतात.
मासेमारीच्या गळांखाली, कराच्या कागदांखाली
सालवार लावलेले अंक.
ज्याला स्वतःचे मोजे कधी सापडले नाहीत
त्यानं एक महिना हरवला नव्हता.

तीस वर्षं मी टपालघरात छाननीला होते.
तपकिरी वेष्टनं याच हातांतून गेली.
कोणत्या दारी काय पडतं, मला पाठ होतं:
दातांचा डॉक्टर, शाळेचा बँडमास्तर,
आणि चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा पिलार्स्की.
रविवारी तो थाळी पुढे करी,
मी नाणं टाकी,
आणि आम्ही दोघंही छताकडे बघत असू.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडली की साडेसहा डॉलर, टपालखर्च वेगळा.

आता हेअर ड्रायरची गरम हवा, मग नखानं हळूच,
पत्त्याची चिठ्ठी सोलून काढते.
घेणाऱ्यांना ती नको असते, डाग म्हणतात.
मलाही नको असते. माझं कारण निराळं.

गेल्या महिन्यात नेब्रास्काहून एकीनं विचारलं,
लॉट सत्तावन्न, त्यात पान अठ्ठ्याऐंशी आहे का?
उघडून पाहिलं. होडीच्या इंजिनाची जाहिरात.
स्वेटरातली बाई, हात सुकाणूवर, केस उडालेले.
अख्ख्या अंकात तिला एकटीलाच बटण लागलं नव्हतं.

'माझी आई,' तिनं लिहिलं.
'पाण्याला घाबरायची. होडी गोदामात होती, वारा पंख्याचा.
पण हसू तिचंच असणार.
घरी आम्ही ते पाहिलं नाही.'

एक पान. एक पाकीट. एक तिकीट.
फाडलं तर अंकाची किंमत निम्मी,
आणि टल्सातला कुणीतरी एकतीसवर होता.
गुरुवारभर मी त्या पानाभोवती फिरले,
भांडी घासली, आधीच घासलेली.

नाही फाडलं.
रविवारी रात्री नऊला, शेवटचे अकरा सेकंद उरले असताना
ती साडेचौतीसला जिंकली.
मी बिल पाठवलं. पैसे घेतले.
दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावला, बटणं काढून.
चांगली बाई नाही मी, नीट बांधणारी आहे.

तो अंक पिलार्स्कीचा.
मुलीनं खोकं दिलं तेव्हा तो जिवंत होता, अजून आहे,
वृद्धाश्रमात, खिडकीजवळची खाट.
मी संत्री घेऊन गेले.
काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं,
तुमचा एक साडेचौतीसला गेला.

तो छताकडे बघत राहिला.
मीही बघितलं. ओलीचा एक डाग होता तिथे.

'कुठल्या महिन्याचा?'

'जून.'

बराच वेळ तो संत्र्याची साल काढत होता.
'त्यात ती होडी होती,' तो म्हणाला.