शेऱ्याचा रकाना

मी तळघरात पक्ष्यांचे पिंजरे साफ करतो.
प्रयोगशाळा आणि वर्ग यांच्यामध्ये एकच दार,
तेही नीट लागत नाही.
अकरा वर्षांत फुकटात बरंच शिकलो.

डुलूथला फेब्रुवारीत सरोवर कण्हत असतं,
रात्री बर्फाला तडे जातात, इथवर ऐकू येतं.
टॉलफसन बाई बूट झटकत येतात,
फळ्यावर उभी रेघ ओढतात.
इकडे नर, तिकडे मादी.
म्हणतात, पाठ करा, उद्या मोडायचंय.

काल कॅनरी चालू होते.
नर गातो, मादी ऐकते, असं लिहून ठेवलेलं.
मग कुणीतरी मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं,
एवढंसं,
आणि काही दिवसांनी ती गायली.
म्हणजे मेंदूत जागा होती,
हिवाळ्यात ताडपत्रीखाली होडी असते तशी.

आणि नराच्या डोक्यात?
तेच टेस्टोस्टेरॉन आत पोचतं
आणि त्यातल्या काहीचं इस्ट्रोजेन होतं.
"पुरुषी म्हणून दारापर्यंत सोडायला गेलात,
त्याने आत जाऊन कपडे बदलले!"
वर्ग हसला.

मागच्या बाकावरचं पोर हसलं नाही.
हजेरीत त्याचं नाव एक, वहीवर दुसरं.
वहीवरचं मी केर काढताना वाचलंय : वेरिल.
त्याने हात वर केला, कोपरापर्यंतच.
"ज्यांचे आकडे मध्येच पडतात,
त्यांचं तुम्ही काय करता?"

हीटर खडखडला. बाई गप्प.
मग म्हणाल्या,
"वीस वर्षांपूर्वी मी ते काढून टाकायचे.
आलेख स्वच्छ दिसायचा."

खडू उचलला. वाटलं, रेघ पुसतील.
पुसली नाही.
खडू आडवा धरून तिच्यावरच फासत गेल्या,
रेघ रुंद, अजून रुंद,
नर आणि मादी फळ्याच्या कडांना जाऊन टेकले.
बाही पांढरी झाली.
"परीक्षेत हे येणार," म्हणाल्या,
"आणि वेरिल, पुढे ये, तिथून दिसत नसेल."

हे नाव त्यांना कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
मी तरी नाही.

चौदा नंबरच्या पिंजऱ्यावर कार्ड आहे : मादी.
तिला कुणी काही टोचलेलं नाही.
तरी दिवे लागायच्या आत गाते कधी कधी,
तुटक, दोनच सूर, मध्येच अडकते.
मी कधी नोंद केली नव्हती,
म्हटलं, आपलीच ऐकण्यात चूक.

आज केली.
तारीख, वेळ, पिंजरा.
शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली नाही,
समासात लिहिलं.