अध्यक्षांचे मनोगत

देवतळे सरांचा सकाळपासून तिसरा फोन:
मॅडम, स्मरणिका छापायला जायची आहे,
तुमचं मनोगत तेवढं राहिलंय.
दीड पान. पुढच्या दोन वर्षांतली संघटनेची प्राधान्ये.
तीन द्या, फार तर चार.
आणि एक फोटो, साडीतला असेल तर बरं.

मी पिंपळखुटीच्या बाजारात उभी आहे,
एका हातात फोन, दुसऱ्यात पीएच मीटर.
सकाळचे दहा, त्रेचाळीस अंश.
लुकमानभाई अजून सुरीला हात लावत नाहीत.
बोकड रात्री टेम्पोतून आला, घाटंजीहून, उभ्या उभ्या.
आता त्याच्यापुढे पाण्याचं घमेलं,
वर दोन काठ्यांवर गोणपाटाची सावली.
गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं:
काऊन जी, आज उपास हाय का?

दमलेलं जनावर हाय, बाप्पा.
आत्ता कापलं त मटन काळं पडन.
त्याचा जीव थोडा खाली येऊ दे.

हेच वाक्य लिहायला मला साडेचार वर्षं लागली.
दोनशे बारा नमुने,
स्नायूंतलं ग्लायकोजेन, आम्लतेचे आलेख,
काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरं.
संदर्भसूचीत लुकमानभाई नाहीत.
बाबाही नाहीत.

वजनाच्या चिठ्ठीमागे लिहून बघते.
एक: आंतरराष्ट्रीय परिषद.
खोडते.
एक: बर्फ.
यवतमाळहून निघतो तेव्हा लादी असते,
इथे उतरतं ते ओलं पोतं.
दोन: नाली.
रक्त वाहून कुठे जातं, हे ग्रामपंचायतीच्या
एकाही ठरावात नाही. कुत्र्यांना ठाऊक आहे.
तीन

तिसऱ्यावर नाझनीन येते, लुकमानभाईंची नात,
आठवीतली, शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन.
मॅडम, इथं काय लिहू?
पालकाचा व्यवसाय. रकाना कोरा.
पोरी म्हनतेत, माह्या डब्याले वास येते.
मजुरी लिह्य ना, आजोबा म्हणतात,
वर बघतही नाहीत,
बोकडाच्या कानामागची गोचीड काढत असतात.

मी 'शेती' लिहायची.
पहिलीपासून पदव्युत्तरपर्यंत, वळणदार अक्षरात.
गुंठाभर जमीन नव्हती आमची.
बाबांचं टिनाचं दुकान होतं, दर रविवारी,
बसस्टँडमागच्या निंबाखाली.
पदवीदानाला आले तेव्हा तीन लिंबं घासली होती हातांना,
तरी फोटोत दोन्ही हात खिशात.
त्या खिशांकडे मी अजून
नीट बघितलेलं नाही.

चौथा फोन.
लिहून घेता का, सर?
घेतो ना, मॅडम, सांगा.
पान तीन. माझा परिचय. दुसरी ओळ.
'शेतकरी कुटुंबात जन्म'?
खोडा. लिहा: वडील हिरामण माहुरे, खाटीक.

तिकडून काही येत नाही.
इकडून त्यांना ऐकू जात असावा
मिरच्यावालीचा भाव, टेम्पोचा हॉर्न,
कुणाची तरी हरवलेली शेळी पुकारणारा भोंगा.

मॅडम, देवतळे सर जपून म्हणतात,
हे प्राधान्य नाही हो. ही मुद्रितदुरुस्ती झाली.

पहिल्या क्रमांकावर घ्या, मी म्हणते.
मग बर्फ. मग नाली.
परिषदेचं कार्यकारिणीत बोलू.
आणि फोटो?
फोटो पाठवते. साडीतला नाही.

नाझनीन पेनाचं टोपण चावत माझ्याकडे बघते आहे.
तिचा रकाना अजून कोराच.
मी काही सुचवत नाही.
माझा भरायला मला एकावन्न वर्षं लागली,
आणि तोही फोनवरून.

गोणपाटाच्या सावलीत बोकड बसला आहे,
डोळे अर्धे मिटून, रवंथ करतो आहे.
जीव खाली आला.
लुकमानभाई त्याच्या पाठीवरून हात फिरवतात,
उठतात,
आणि सुरी शोधू लागतात.