नव्या वर्षाचा नकाशा

सर्व्हे खात्यात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या बांधांवर साखळी ओढली.
खानापूरची तांबडी माती, बैलहोंगलचं काळं रान,
कुणी कुणाचा दगड किती सरकवला
ते सांगत हिंडलो
आणि दोन्ही भाषांतून शिव्या खाल्ल्या.

आता वडगावातलं हे परडं.
बावीस फूट बाय सतरा,
त्यातला एक कोपरा न्हाणीच्या पाइपानं खाल्लेला.
डिसेंबरची थंडी. चहाच्या कपाखाली कागद दाबलाय,
आधी उत्तर दाखवणारा बाण काढला.
इंदू म्हणते, "परड्यात कोण वाट चुकायलंय, सांगा की."

जानेवारी: धुण्याच्या दगडाचं पाणी
गटारात न सोडता केळीच्या बुंध्याशी.
उतार फुटाला पाव इंच. विटा सोळा, घरच्याच.
फेब्रुवारी: पिंपाला दोन फुटांचा कट्टा.
आठ दिवसांनी नळ येतो, तोही रात्री दोनला,
एकदा भरून ठेवलं की नळीतून पाणी
आपल्या पायानं वांग्यांपर्यंत जाईल,
माझे गुडघे वाचतील.
मिरगाच्या आत तोंडलीचा मांडव.
जुना गेल्या पावसात बसला.

त्याला लाकूड मिळालंय.
पलीकडं ईरण्णा बुचडींचे चार माग होते.
पहाटे चौघांचा खटखटाट एकमेकांत मिसळायचा,
पाहुण्यांना त्यानं झोप यायची नाही
आणि आम्हाला त्याच्याशिवाय.
यंदा तीन मोडले.
सुट्या दांड्या भिंतीवरून देताना म्हणाले,
"घ्या सर, काहीतरी चढू दे ह्यांच्यावर."
वर वेल बांधायला सुताची गुंडी, मोरपंखी,
कुठल्यातरी न झालेल्या साडीच्या काठाची.

डाळिंबाचं काय करायचं.
सहा वर्षांच्या सहा कागदांवर 'डाळिंब काढणे' आहेच.
फुलतं, गाळतं.
एकदा एक फळ धरलं, ते खारीनं नेलं.
ईरण्णांची आई भिंतीवरून बघते, "इरली बिडरी" म्हणते,
असू दे, राहू दे;
नातवाच्या खोकल्याला तिला कळ्या लागतात.
याही वर्षी लिहिलं. पुढं महिना घातला नाही.

राहिली भिंत.
तडा गेलाय, मे महिन्यात नवी बांधायलाच हवी.
आणि ही भिंत चार इंच चुकली आहे,
त्यांच्या जागेत.
मला पहिल्या दिवसापासून माहीत,
हा डोळा काही फुकट पगार घेत नव्हता.
अळूची अख्खी रांग त्या चार इंचांवर उभी.
दर श्रावणात जुडी पाठवतो तिकडं,
इंदूला वाटतं शेजारधर्म,
मी मनातल्या मनात त्याला खंड म्हणतो.

चार इंच म्हणजे या प्रमाणात
पेन्सिलीच्या एका जाड रेघेइतके.
याहून कमीसाठी मी लोकांच्या शेतात
पानंच्या पानं पंचनामे लिहिलेत.

काल कागद घेऊन गेलो.
खरी हद्द तुटक रेघेनं दाखवली.
ईरण्णांनी चष्मा कपाळावर नेला, बोटानं मोजलं,
आणि एकट्या राहिलेल्या मागाकडं बघत हसले:
"चार इंचात धोटासुद्धा वळत नाही, सर.
आणि अळू कुठं जाणार मग?"

यासाठी कागदावर रकाना नव्हता.
घरी येऊन रबर हातात घेतलं,
दोन रेघांतली कुठली खोडायची ते कळेना.
तेवढ्यात इंदूनं पेन्सिल काढून घेतली
आणि मांडवाखाली,
जिथं मी हळदीचे सहा गड्डे बसवले होते,
तिथं दोन चौकोन काढले.
"खुर्च्या," म्हणाली.

चौकोन वाकडे होते.
मी फूटपट्टी शोधायला उठलो.