तीस किलो

रूवीच्या खोलीत एसी अजून तिच्याच आकड्यावर, सव्वीस.
मी कमी केला नाही.
फोन मसाल्याच्या बरणीला टेकवून ठेवला
आणि घरचे तीन चौकोनांतून आत आले:
पोलादपूरहून उल्हासदादा, डोंबिवलीहून शैलाकाकी,
आणि एक काळा चौकोन, ज्यावर नुसतं 'नाना',
आवाज बंद, पण हजर.

'आधी कपाट दाखव.'
दाखवलं.
'असं नाही, खालचा कप्पा. जरा उजेड कर.'
उजेड केला.
ज्या कप्प्यात एकोणतीस वर्षं ती न बघता हात घालून
हवं ते रीळ काढायची,
त्यात आता तिघं डोकावत होते
ज्यांतलं एकही इथे कधी आलं नव्हतं.
मी तरी कितीदा आलो?
सोहारहून दोन-अडीच तासांची बस.

मथुआत्या परवाच गेली, विमानाच्या पोटातून.
तिच्या पेटीचं भाडं दुकानमालकाने भरलं.
मागे राहिलं ते माझ्या तिकिटावर,
तीस किलो, आणि सात हातात.
वाटणीला कुणीतरी हद्द घातली होती,
तीही विमान कंपनीने.

पाटल्या निघाल्या. दोन.
'चार होत्या. हेमूच्या लग्नात चार होत्या, फोटो आहे माझ्याकडे.'
आणि खरंच फोटो आला, टुणकन.
मांडवात आत्या, एक हात पदराआड.
'मोठा करून बघ.'
मी दोन बोटांनी तिचा दिसणारा हात मोठा केला,
अजून मोठा,
नुसते ठिपके उरेपर्यंत.

'मशीन विकून टाक, रियाल वधारलाय.'
'विकू नको रे, असलं मशीन आता मिळतं का?'
'मग काय खांद्यावर घालून आणू?' हे मी म्हणालो,
बहुतेक जरा जोरात.
मग ग्रॅच्युइटी. मग तवा.
तव्यावर दहा मिनिटं.

दार वाजलं. समोरची जॉलीचेची, हातात स्टीलचा डबा.
'मथुरा का है. मेरे पास रह गया था.'
रिकामा परत देऊ नये म्हणून तळाशी साखर घातलेली.
'कोण बाई ती? काय घेऊन चाललीय?'
'घेऊन नाही, देऊन चाललीय.'
'नीट बघ.'

दारावरच्या खिळ्याला तिचा वजनकाटा होता, स्प्रिंगचा.
इमारतीतलं जे कुणी गावी निघे,
त्याची बॅग आधी या काट्याला लटके.
चश्मा कपाळावर सरकवून ती आकडा वाचायची:
'पावणेदोन किलो जास्त. दूध पावडर ठेव. नाही, बाळाचे बूट नकोस काढू.'
काढलेल्या वस्तू पलंगाखाली जायच्या
आणि पुढच्या माणसाबरोबर, कुरकुर न करता, पोचायच्या.

काटा मी कुणाला दाखवला नाही.
खोली दाखवताना फोन असा फिरवला
की त्यांना चारही भिंती दिसल्या, दार तेवढं नाही.
चोरी म्हणा.

फोन ठेवल्यावर एकट्यानेच
पाटल्या रुमालात बांधून काट्याला लावल्या.
सुई हलली नाही.
मग बॅग लावली, दोन्ही हातांनी उचलून.
एकतीसच्या वर.

रात्री नानांचा मेसेज:
'पासबुक सापडलं तर पहिलं मला कळव. बाकीच्यांत नको.'
खाली लगेच दुसरा:
'झोपलास का?'

तवा काढला. सुई थोडी चढली तीसच्या आत यायला, की उतरली,
चश्मा नव्हता, नीट वाचता आलं नाही.
साड्या काढल्या, दोन. परत घातली एक.
साखरेचा डबा राहू दिला.
काट्याचं वजन काट्यावर होत नाही,
तो हातात घेतला,
खाली टॅक्सीवाला केव्हाचा हॉर्न देत होता.