काटा

ओरेस्टच्या दुकानात मी एकोणीस वर्षं वह्या लिहिल्या.
नट-बोल्ट, कुंपणाची तार, गव्हाचं बियाणं,
मार्चात कोंबडीची पिल्लं,
खोक्यांच्या भोकांतून चोची काढणारी.
उधारी पेन्सिलनं.
म्हणायचा, गारपीट कुठे शाईला विचारून येते.

काटा त्यानं कधी मारला नाही.
पोतं टेकलं की दोन पावलं मागे सरायचा,
हात खिशात,
सुई थांबेपर्यंत नजर छताकडे.
मला वाटतं, एवढ्यावरच आम्ही त्याला निवडून दिलं.
बोलता त्याला येतच नव्हतं.
कर्लिंगच्या हॉलमधल्या पहिल्या सभेत
आभार मानून खाली बसला
आणि पुन्हा उठला,
कॉफी कोणी केली ते सांगायचं राहिलं म्हणून.

मग ओटावा.
टीव्हीवर तिसऱ्या रांगेत दिसायचा
दुसऱ्याच्या भाषणावर बाक वाजवताना.
नवा कोट, तेच कान.
स्टेफा म्हणायची, केस वाढलेत बघ.
सातव्या वर्षी मंत्री झाला.
मला टाइप केलेलं पत्र आलं:
प्रिय श्रीमती कोझाक.
इतकी वर्षं मी नुसती ओल्गा होते.

त्याच हिवाळ्यात रेल्वेच्या फाट्यांचं विधेयक आलं.
बंद करायच्या मार्गांची यादी,
चौदाव्या ओळीवर आम्ही.
नाव पुकारलं की उभं राहायचं, अशी तिथली रीत.
तो उभा राहिला, बाजूनं.
मी पडद्याच्या अगदी जवळ गेले.
हात खिशात होते,
नजर छताकडे.

ऑक्टोबरात धान्याचा मनोरा पाडला.
आधी गुडघ्यावर आला, गाय बसते तसा,
मग सगळाच.
दोन दिवस धुळीला जुन्या ओटचा वास येत होता.
वालीनं शेत विकलं. शाळेची बस दुसऱ्या वळणावरून जाऊ लागली.

आला तो नाताळच्या आधी, एकटाच, गाडी चालवत.
कोणी काही बोललं नाही,
आमच्याकडे बर्फाबद्दल बोलतात.
दुकानात हिंडला, तारेच्या वेटोळ्यावर हात फिरवला,
खिळ्यांचा भाव विचारला.
मग बूट न झटकता काट्यावर जाऊन उभा राहिला.

सुई बराच वेळ हलत होती.
मी आकडा सांगितला.

"नक्की?" म्हणाला.

त्या दुकानात हा शब्द
मी पहिल्यांदाच ऐकला.