पाच ऑलिव्ह

ऑक्टोबर संपला. पांदेलिसनं खुर्च्या एकावर एक रचून
साखळीनं बांधल्या, माझा हिशेब केला,
उरलेलं अर्धं पिंप फेटा मला दिलं नाही,
चुलतभावाला दिलं.
असू दे.
बोट आता आठवड्यातून दोनदाच लागते लेरॉसला
आणि मला कुणी विचारत नाही
की या सॅलडमध्ये लेट्यूसची पानं कुठायत.

मेपासून रोज दोनशे ताटं.
चारशे टोमॅटो. हजार ऑलिव्ह,
ताटाला पाच, मोजून,
कारण पांदेलिस काउंटरमागून ओठ हलवत मोजायचा.
आणि फेट्याची चकती अशी,
की तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचावं.
मी स्वतः सहा महिने उभ्या उभ्या
थंड मॅकरोनी खाल्ली, पातेल्यातूनच.

आज घरी.
परसात शेवटचे तीन टोमॅटो,
देठाशी हिरवे, पोटाशी फुटलेले,
एक मुंग्यांनी आधीच चाखलेला.
हे गिऱ्हाईकापुढे गेले असते
तर माझा दिवस कापला असता त्यानं.
पाट नको मला. टोमॅटो तळहातावर,
सुरी अंगठ्याकडे ओढत, आई कापायची तशी.
एक फोड दुसरीसारखी नाही.
रस मनगटावरून कोपराकडे निघालाय,
जाऊ दे त्याला कुठे जायचंय तिथे.

काकडीची साल अर्धी काढली, अर्धी ठेवली,
पट्ट्यापट्ट्यांची, याकुमिसच्या पायजम्यासारखी.
(समोर दोरीवर आहे तो. रविवारपासून.)
कांदा. कांद्याबद्दल काय बोलायचं.
हिरवी मिरची, पातळ सालीची, कडी कडी करून.
जूनमध्ये भिंतीच्या फटीतून खुडलेले केपर.
मीठ खडकाच्या खळग्यातलं, मीच खरवडलेलं,
कधी कधी शिंपल्याची कच लागते दाताखाली.

मग ऑलिव्हची बरणी उघडली,
आणि काय सांगू,
हात आत गेला, हात बाहेर आला,
वाडग्यात पाच.
सारख्या अंतरावर, गोलात, पाच.
मी चक्क वळून बघितलं
काउंटरकडे.
तिथे माझा फ्रिज होता, गुरगुरत.

अख्खी बरणी पालथी केली मग.
खाऱ्या पाण्यासकट.
जरा चुकलंच ते. मीठ आधीच पडलं होतं.

फेटा एव्हदोकियाच्या दुकानातून, उधारीवर,
विटेएवढा. कुस्करला नाही, कापला नाही,
हातचं काही न राखता वर ठेवून दिला.
दोन्ही तळव्यांत ओरेगानो चोळला
तेव्हा खोलीत डोंगराची मागची बाजू आली,
जिथे आता शेळ्यासुद्धा जात नाहीत.
तेल दिराच्या झाडांचं, पाण्याच्या जुन्या बाटलीतलं,
तळाशी साचेपर्यंत.
व्हिनेगर नाही. याकुमिस म्हणतो हवंच.
त्याचं त्याच्या घरी.

बसले.
बसल्यावर दिसलं, फेट्याची चांगली बाजू
समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे.
उठले नाही.
एका बोटानं वाडगं फिरवलं, अर्धा फेरा.
एवढंच. पण वेळ लागला.

तोवर याकुमिस दारात,
काखेत पाव, वासावर आलेला,
पाणबुड्या होता पूर्वी, अजून दार न वाजवता
आत बुडी मारतो.
काटा त्यानं स्वतःच घेतला.
एक वाडगं, दोन काटे,
बोलणं काही नाही, बियांची टकटक बशीत.
चौदा झाल्या त्याच्या. मी मोजत नव्हते.

शेवटी तळाशी ते राहतं,
टोमॅटोचं पाणी, तेल, फेट्याचा चुरा, सगळ्याचं मिळून,
ज्याचे पांदेलिस पैसे लावत नाही
कारण गिऱ्हाईकं ते सोडून जातात.
पावाचा एकच तुकडा उरला होता.
आम्ही दोघांनी पाहिला.
सहा महिने मी लोकांना वाढलंय,
म्हणून मी उचलला,
बुडवला, थांबले, भिजू दिला, खाल्ला.

"खारट झालंय," याकुमिस म्हणाला,
आणि वाडगं ओढून
बोटानं पुसायला लागला.